मुक्या जिवाला लागतं तेव्हा

माऊली, थोडं पुढं सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू येऊ द्या.

दिंडी म्हटलं की वीणेकरी, टाळकरी, पखवाजी, डोईवर तुळस घेतलेल्या माउल्या डोळ्यांपुढं येतात. पण ट्रक येण्याआधी सामानाची गाडी ओढणारे बैल आणि आळंदीपासून आपणहून मागं लागणारं एखादं कुत्रं, हीही दिंडीचीच मंडळी. त्यांच्यावर आपला जीव जडतो, आणि त्यांना लागलं की आपलाच धीर सुटतो.

नामदेवरायांची कथा आपण सांगतो. कुत्र्यानं भाकरी पळवली, तर महाराज तुपाची वाटी घेऊन मागं धावले. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायचं गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजलं. गाढव कुणाचं, त्याला असं कुणी सोडलं, याची चौकशी करत ते बसले नाहीत. आधी कावड उतरवली.

आपल्या दिंडीत मोत्या चार वर्षं चालत होता. तरडगाव सोडून फलटणकडं निघालो आणि एका मोटारसायकलनं त्याला उडवलं. क्षणात गलका झाला. कुणी त्या पोराच्या अंगावर धावून गेलं, कुणी रडू लागलं, कुणी मोत्याला उचलायला वाकलं. मोत्या सगळ्यांवर दात काढत होता. वीणेकरीबुवांचा त्याच्यावर सगळ्यांत जास्त जीव. स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी त्याची. पण गळ्यात वीणा, आणि वीणा काही खाली ठेवता येत नाही. बुवांनी जागेवर उभं राहून अगदी हळू नाम धरलं. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं कोण म्हणेल? बोटं तारेवर थरथरत होती, ते आम्ही पाहिलं. दोन टाळ लागले, मग चार. गलका खाली बसला. एका टाळकऱ्यानं वीणा गळ्यात घेतली तेव्हा बुवा मोत्याजवळ बसले, आणि त्यांचा आवाज ऐकून मोत्याची गुरगुर थांबली.

पुढचं डॉक्टरांनी सांगितलेलं, ते ध्यानात ठेवा. दुखण्यानं बेजार झालेलं जनावर पोसणाऱ्यालाही चावतं, म्हणून उपरण्यानं तोंड अलगद बांधावं. पण उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर बांधू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरावं, थांबलं का म्हणून सारखं उचलून बघू नये. पाय आपल्या हातानं ओढून बसवू नये. उचलताना फळीवर नाहीतर घोंगडीवर घ्यावं. आपल्या डोकेदुखीची गोळी मुळीच देऊ नये, कुत्र्याला ती विषासारखी बाधू शकते. आणि जनावरांच्या डॉक्टरांसाठी १९६२ हा नंबर फोनमध्ये असू द्या. सगळ्यांनी एकदम बोलू नये, एकानंच बोलावं, ज्याचा आवाज जनावराच्या ओळखीचा आहे त्यानं.

मोत्याचा पुढचा पाय मोडला होता, प्लास्टर घातलं. पंढरपूरपर्यंत तो ट्रकमध्ये पिठाच्या पोत्यांवर बसून आला, आणि मुक्कामी पखवाजावर थाप पडली की खाली उतरायला धडपडायचा. आता लंगडतो, थोडं चालतो, मग आपणच ट्रकपाशी जाऊन उभा राहतो. बुवांच्या पिशवीत तेव्हापासून दोन उपरणी असतात.