वाढणे आणि पसरणे



गोदाकाठी आज आम्ही एका इंग्रजी क्रियापदाचे कूळ सांगावयास उभे आहोत. ते क्रियापद 'एक्स्पॅण्ड'. लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'पांडेरे' म्हणजे पसरणे. त्यांच्या जोडीतून ते सिद्ध झाले. याच 'पांडेरे'च्या घराण्यात 'पासुस' जन्मला. त्याचा अर्थ पाऊल, म्हणजे पाय फाकून गाठलेले अंतर. इंग्रजी 'पेस' हा त्याचाच वंशज.

आपण पाठ्यपुस्तकांत 'प्रसरण' किंवा 'विस्तार' लिहून मोकळे होतो. बोलण्यात मात्र मराठी माणूस एवढ्यावर भागवीत नाही. भिजलेली डाळ फुगते, वेल पसरतो, रस्ता रुंदावतो, साथ फैलावते. लोहार गाडीच्या चाकाची धाव तापवितो, तेव्हा ती प्रसरण पावते. निवताच आक्रसून लाकूड आवळते. वस्तू बदलली की क्रियापद बदलते.

'विस्तार' शब्दात 'स्तृ' धातू आहे. त्याचा अर्थ अंथरणे. 'अंथरूण' हे 'आस्तरण'पासून आले, म्हणून तेही याच धातूचे अपत्य. इंग्रजी 'स्ट्रीट' हा लॅटिनमार्गे त्यांचा दूरचा भाऊ. मूळ अर्थ अंथरलेला, फरसबंद रस्ता. अंथरूण पाहून पाय पसरावे, या म्हणीत आपल्या पूर्वजांनी दोन्ही शब्द शेजारी बसविले, आणि विस्ताराला मर्यादाही घालून दिली.

'वाढणे' तर याहून विलक्षण. मूल वाढते, पानात भात वाढतात. पण बांगडी फुटली तरी ती 'वाढली' म्हणावयाचे. अशुभ उच्चारू नये म्हणून वृद्धीच्या शब्दाने मोडणे झाकले.

हा शब्दांचा खेळ नव्हे. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली. नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि भोवतालची गावे एका कारभारात आली. शहर वाढले, याचा आम्हांस आनंदच आहे. पण पावसाळ्यात गोदावरीही पसरते. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ साली पुराचे पाणी दुतोंड्या मारुतीने पाहिले आणि आपणही पाहिले. आपण म्हणालो, नदी गावात शिरली. खरे पाहता पात्र आणि पूरमैदान हे नदीचे अंथरूण आहे. त्यावर पाय पसरले ते आपण.

म्हणून विस्ताराच्या योजना वाचताना नुसत्या 'विस्तार' शब्दावर समाधान मानू नये. काय फुगते, काय पसरते, कोणाच्या जागेवर, हे विचारावे. नाहीतर नाशिक वाढले, असे म्हणताना ते बांगडीसारखे वाढले, असा अर्थ निघावयाचा.