कूट अभंग कळतो म्हणजे काय?



काट्याच्या टोकावर तीन गावं वसल्याचा ज्ञानोबारायांचा कूट अभंग आपल्या दिंडीत सगळ्यांना पाठ आहे. टाळ वाजतात, माना डोलतात. मग मुक्कामाला एखादं शिकलेलं पोरगं विचारतंच, "महाराज, हे खरंच कळतं, का कळल्यासारखं करता?" प्रश्न उद्धट नाही. कीर्तनकारानं त्याचं उत्तर द्यायलाच पाहिजे.

आधी खरं ते बोलू. काट्याच्या टोकावर गाव मनात आणू म्हटलं तरी येत नाही. मला दिसतं म्हणणारा स्वतःलाच फसवतो.

पण पुढं ऐका. तीन गावांतली दोन उजाड, तिसऱ्यात वस्तीच नाही. अन् त्या वस्ती नसलेल्या गावात तीन कुंभार येतात. मग मडकी, मग मूग, मग पाहुणे. दर वेळी तीन, त्यातले दोन निकामी अन् तिसऱ्याचं काही घडतच नाही. बडबड अशी एका मापानं चालत नाही. तिफणीच्या दोन नळ्या तुंबलेल्या, तिसरी बसवलीच नाही, अन् गडी म्हणतो रान पेरून झालं! तुम्ही हसाल. का हसलात? तर हा पेरा खोटा हे ओळखलंत म्हणून. अभंगाचंही तसंच आहे. ज्या संसाराला आपण खरा धरून मोजत बसतो, त्याची मोजणी जुळत नाही, एवढं तिथं उमगतं. ते सरळ सांगितलं तर आपण मान हलवतो अन् परत मोजायला बसतो.

ज्ञानोबारायांना सरळ बोलता येत नव्हतं का? शके 1212 मध्ये त्यांनीच दृष्टांतावर दृष्टांत देऊन गीता मराठीत उघडून ठेवली. तेव्हा वाकडं बोलले ते जाणून बोलले.

आता तीन गावं म्हणजे कोणी तीन गुण सांगतो, कोणी दुसरं काही. ते उत्तर पाठ झालं म्हणजे अभंग कळला असं आम्ही धरत नाही. विहीर कुठं आहे ते कळल्यानं तहान भागत नाही. अभंगाच्या शेवटीही ज्ञानोबाराय हेच बजावतात, की याचा अनुभव सद्गुरूवाचून यायचा नाही.

आणि एक सांभाळा. कोणी बुवा अगम्य बोलतो म्हणून तो मोठा होत नाही. त्याला विचारा, "महाराज, साध्या बोलीत सांगा." मागचं पुढच्याला जुळतं का बघा. ते ऐकून आपला लोभ, राग तसूभर तरी कमी होतो का बघा. विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या बोलण्यात कळण्यासारखं बहुधा नसतंच.

दिंडीला 100 वर्षे झाली. या वाटेवर "कळलं नाही" म्हणायची लाज कुणी धरू नये. जो तसं म्हणतो त्यालाच पुढं काही कळण्याची आशा असते.

रामकृष्ण हरी.