धातूचा गोफ

मेंदूच्या तळाशीं रोहिण्यांचें एक वर्तुळ आहे. थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें १६६४ सालीं आपल्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें, आणि तेव्हांपासून तें त्याच्याच नांवानें ओळखलें जातें. या वर्तुळांत जेथें एखाद्या रोहिणीस फांटा फुटतो, तेथें रक्ताचा आघात अहोरात्र होत राहतो. कांहीं माणसांत अशा ठिकाणची भिंत हळूहळू दुबळी होते, आणि झिजलेल्या टायरच्या भेगेंतून आंतली ट्यूब जशी बाहेर डोकावते, तसा त्या भिंतीस एक फुगा येतो. वैद्यकशास्त्रांत यास रोहिणीविस्फार म्हणतात.

प्रौढ माणसांपैकीं शेंकडा सुमारें तिघांच्या मस्तकांत असा फुगा असतो, असें अनुमान आहे. बहुतेकांस त्याची वार्ताहि नसते व बहुतेकांचा फुगा जन्मभर फुटतहि नाहीं. परंतु जो फुटतो, तो क्षणार्धांत घरावर संकट आणतो. पूर्वीं कधीं अनुभवली नाहीं अशी डोकेदुखी एकाएकीं उठते, मान ताठते, शुद्ध हरपते; आणि उपचार मिळूनहि अनेक रोगी दगावतात. दुसऱ्याच कांहीं कारणानें मस्तकाचें चित्रण केलें असतां असा फुगा अचानक दृष्टीस पडला, म्हणजे धडधाकट माणसापुढें बिकट प्रश्न उभा राहतो: त्यास हात लावावा कीं न लावावा?

या प्रश्नाचें उत्तर फुग्याच्या आकारावर व स्थानावर पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. २००३ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या पुढील भागास रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांवरील फुगा सात मिलिमीटरहून लहान असेल व त्या माणसास पूर्वीं असा रक्तस्राव झालेला नसेल, तर पांच वर्षांत तो फुटल्याचें एकहि उदाहरण त्या गटांत आढळलें नाहीं. उलट, त्याच भागांतील पंचवीस मिलिमीटर वा त्याहून मोठ्या फुग्यांपैकीं पांच वर्षांत शेंकडा चाळीस फुटतात, असें त्या अभ्यासांत दिसलें. म्हणजे लहान फुग्याच्या बाबतींत धीर धरणें हाच पुष्कळदां उपचार, आणि मोठ्या फुग्याच्या बाबतींत स्वस्थ बसणें हाच मोठा धोका.

फुग्यावर इलाज करण्याची खटपट जुनी आहे. १७८५ च्या डिसेंबरांत लंडन येथें जॉन हंटर या शल्यवैद्यापुढें एक घोडागाडीवान आला. त्याच्या गुडघ्यामागील रोहिणीस मोठा फुगा आला होता. अशा वेळीं फुगा चिरणें किंवा पाय कापून टाकणें, हे त्या काळचे मार्ग. हंटरनें दोहोंचाहि अवलंब केला नाहीं. त्यानें फुगा जसाच्या तसा ठेवून मांडींतील निरोगी रोहिणी वरच्या बाजूस बांधली. बाजूच्या बारीक रोहिण्यांनीं पायास रक्त पुरविलें, फुगा हळूहळू आकसला आणि गाडीवान दोन्ही पायांनिशीं घरीं गेला. फुग्यास हात न लावतां त्याच्यावरील प्रवाहाचा जोर काढून घेतला, तर उरलेलें काम शरीर स्वतःच पुरें करतें, हें तत्त्व या शस्त्रक्रियेनें दाखवून दिलें.

मेंदूच्या बाबतींत मात्र हें तत्त्व सहज लागू पडेना. कारण रक्तावांचून कांहीं मिनिटें काढणेंहि मेंदूस शक्य नसतें. म्हणून शल्यवैद्य दुसऱ्या वाटेनें गेले. १९३७ च्या मार्चमध्यें बाल्टिमोर येथें वॉल्टर डँडी यानें कवटी उघडून फुग्याच्या मानेवर चांदीचा चिमटा बसविला. १९९० सालीं कॅलिफोर्नियांत ग्विदो गुग्लिएल्मी यांनीं कवटी न उघडतां, रोहिणींतूनच बारीक नळी नेऊन, फुग्याच्या पोटांत प्लॅटिनमच्या तारेचीं वेटोळीं भरलीं. हे दोन्ही उपाय आजहि चालू आहेत व त्यांनीं असंख्य प्राण वांचविले आहेत. परंतु फुगा फार मोठा व त्याचें तोंड रुंद असलें, म्हणजे वेटोळीं आंत ठरत नाहींत. ठरलीं तरी कालांतरानें दबतात आणि फुग्यांत पुन्हां रक्त शिरूं लागतें.

अशा फुग्यांसाठीं एकविसाव्या शतकाच्या आरंभीं हंटरच्या जुन्या तत्त्वाकडे वैद्यांची दृष्टि नव्यानें वळली, आणि धातूच्या विणलेल्या नळीचा उपाय पुढें आला. गोफ विणतांना निरनिराळे पदर जसे एकमेकांच्या वरून-खालून जातात, तशा या नळींत केसाहूनहि बारीक तारा विणलेल्या असतात. ‘पाइपलाइन’ नांवाच्या प्रसिद्ध उपकरणांत कोबाल्ट-क्रोमियम व प्लॅटिनम-टंगस्टन या मिश्रधातूंच्या अशा ४८ तारा होत्या. विणलेली नळी ताणली कीं लांब व अरुंद होते. सोडली कीं आंखूड व रुंद होते. या गुणामुळेंच ती एक मिलिमीटरहूनहि अरुंद पोकळीच्या नळींत मावते. मांडीच्या सांध्याजवळील किंवा मनगटाच्या रोहिणींतून वैद्य ती मेंदूपर्यंत नेतात, आणि फुग्याच्या तोंडासमोर सोडतांच ती आपोआप उमलून रोहिणीच्या भिंतीस चिकटते.

येथें एक शंका येणें स्वाभाविक आहे. या जाळीच्या तारा रोहिणीच्या भिंतीचा सुमारें एकतृतीयांशच भाग झांकतात. बाकीचा भाग उघडाच राहतो. मग रक्त अडतें कसें? आणि अडत असेल, तर त्याच जाळीखालीं येणाऱ्या निरोगी शाखा बंद कां पडत नाहींत? याचें उत्तर नदीकांठच्या माणसास लवकर उमगेल. फुगा म्हणजे वाट नसलेला डोह. त्यांत पाणी फिरतें तें केवळ मुख्य धारेच्या धक्क्यानें. मध्यें दाट कुंपण घातलें कीं तो धक्का पोंचत नाहीं व पाणी सांचून राहतें. शाखा म्हणजे मात्र शेतास जाणारा पाट. त्याच्या टोंकास पाणी सतत जिरत असतें, म्हणून कुंपणांतूनहि तो आपलें पाणी ओढून घेतो. फुग्यांतील सांचलेलें रक्त गोठतें, जाळीवर रोहिणीचें अस्तर वाढतें, आणि कांहीं महिन्यांनीं फुग्याच्या तोंडावर शरीरानें बांधलेली नवी भिंत उभी राहते. जाळी हा केवळ मांडव. वेल चढवावयाचा तो शरीरानेंच.

या उपायाचा पडताळा आंकड्यांनीं घेतला गेला आहे. अमेरिकेनें ‘पाइपलाइन’ला २०११ सालीं मान्यता दिली. ज्या चांचणीच्या आधारें ती दिली गेली, तिचे निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाले. मोठ्या व रुंद तोंडाच्या फुग्यांचे १०८ रोगी तींत होते. सहा महिन्यांनीं शेंकडा ७३.६, एका वर्षानें ८६.८ आणि पांच वर्षांनीं तपासलेल्यांपैकीं ९५.२ फुगे पूर्ण बंद झालेले आढळले. काळ जाईल तसा गुण वाढत गेला, हें येथें विशेष. परंतु त्याच चांचणींत पहिल्या सहा महिन्यांत शेंकडा ५.६ रोग्यांस पक्षाघाताचा मोठा झटका आला किंवा मेंदूच्या विकारानें मृत्यु आला, हेंहि विसरून चालणार नाहीं.

कारण या उपायाचे गुण व दोष एकाच मुळापासून निघाले आहेत. फुगा बंद होतो तो सावकाश. तोंवर तो फुटण्याची भीति पूर्णपणें टळत नाहीं. रक्तांत उघडी धातु बसविली कीं तिच्यावर गुठळी धरण्याचा संभव असतो. म्हणून ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांसारखीं औषधें कित्येक महिने नेमानें घ्यावीं लागतात. बरें वाटतें म्हणून तीं मध्येंच सोडणें प्राणावर बेतूं शकतें. हींच औषधें रक्तस्राव वाढवितात. म्हणून नुकत्याच फुटलेल्या फुग्यासाठीं हा मार्ग सहसा प्रथम निवडला जात नाहीं. शिवाय एकदां भिंतींत रुजलेली जाळी पुन्हां काढतां येत नाहीं.

किंमतीचा प्रश्न निराळाच. भारतांत हीं उपकरणें परदेशांतून येत आणि एकेकास कित्येक लाख रुपये पडत. २०२० सालीं तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेनें निकेल व टायटेनियम यांच्या मिश्रधातूची अशीच एक जाळी सिद्ध केल्याचें जाहीर झालें. वाकविली तरी पूर्वस्थितीवर येणारी ही धातु बेंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या विद्येंतून मिळालेली. प्राण्यांवरील व माणसांवरील चांचण्या हा त्यापुढील टप्पा म्हणून सांगितला गेला. ज्या उपायास घर विकावें लागतें, तो अनेकांच्या दृष्टीनें नसल्यासारखाच. म्हणून अशा प्रयत्नांचें मोल मोठें आहे.

ज्याच्या मस्तकांत असा फुगा सांपडला, त्यानें जाळीच्या नवलाईनें भारून जाऊं नये व फुग्याच्या नांवानें गर्भगळितहि होऊं नये. फुगा केवढा, कोठें, त्याचें तोंड किती रुंद, न छेडतां ठेवल्यास भय किती आणि छेडल्यास किती, हे प्रश्न त्यानें वैद्यास शांतपणें विचारावे. धूम्रपान सोडणें व रक्तदाब ताब्यांत ठेवणें हें तर कोणताहि निर्णय झाला तरी करावयाचेंच आहे. हंटरच्या गाडीवानापासून आजच्या तारांच्या गोफापर्यंत एकच गोष्ट दिसून येते: वैद्य प्रवाहास वळण देतो, भिंत बांधते तें शरीर, आणि तें बांधकाम पुरें होईपर्यंत धीर धरावा लागतो तो रोग्यास.