हरवलेले मेंढरू



मेंढपाळ म्हटले की घाटावरचा धनगर डोळ्यांपुढे येतो : अंगावर घोंगडी, हातात काठी, क्वचित कवेत नुकते जन्मलेले कोकरू. ख्रिस्ती धर्मातील मेंढपाळाकडे वळताना हेच चित्र ध्यानी ठेवावे. यहुद्यांचे पूर्वज कळप राखणारे होते. त्यांचा राजा दावीद बालपणी मेंढरे वळीत असे, आणि त्याच्या नावावरील तेविसाव्या स्तोत्रात परमेश्वरालाच मेंढपाळ म्हटले आहे. यहेज्केल संदेष्ट्याने तर कळपावर स्वतः पुष्ट होणाऱ्या राज्यकर्त्यांना खडसावून, आता परमेश्वर स्वतःच मेंढरे शोधील, असे सांगितले.

येशूने ती प्रसिद्ध कथा सांगितली तो प्रसंग मठाच्या शिष्यवर्गास सहज समजेल, कारण तो पंक्तिव्यवहाराचाच आहे. येशू जकातदार व पापी यांच्या पंक्तीस बसतो म्हणून परूशी व शास्त्री कुरकुर करू लागले. लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय तेथूनच सुरू होतो. (परूशी म्हणजे कोणी दुर्जन नव्हेत, आचार कसोशीने पाळणारी ती विद्वान मंडळी होती.) त्यांना उत्तर म्हणून ही कथा आली. शंभर मेंढरांतील एक हरवते. धनी नव्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या मागे जातो, ते सापडताच खांद्यावर घेतो, आणि शेजाऱ्यांना बोलावून आनंद करतो.

व्यवहारी मनुष्य विचारील, नव्याण्णवांचे काय? कथा उत्तर देत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात हीच कथा शिष्यांना सांगितली आहे, आणि तेथे ते मेंढरू सापडेलच अशी हमीही नाही. तरीही धनी जातो. प्रेमाचा हिशेब बेरजेने होत नाही, हेच येथे सुचविले असावे.

श्रीवैष्णव आचार्यांमधील एक जुना वाद येथे आठवतो. वानरीचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून ठेवते. मांजरीच्या पिलाला आईच तोंडात धरून नेते. वडकलै परंपरेने मर्कटन्याय स्वीकारला, तेनकलै परंपरेने मार्जारन्याय. खांद्यावरचे मेंढरू उघडच दुसऱ्या पक्षाचे. पण लूक कथेच्या शेवटी पश्चात्ताप करणाऱ्या पाप्याविषयी बोलतो. मेंढराने पश्चात्ताप केला कोठे? ते केवळ सापडले. ही विसंगती पुसून टाकणारी भाष्ये फारशी समाधान देत नाहीत. ती तशीच राहू देणे बरे.

योहानाच्या शुभवर्तमानात मेंढपाळ आणखी पुढे जातो. लांडगा येताच मोलकरी पळतो. उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो.

रोममधील प्रिस्किल्लाच्या भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातील मेंढपाळाचे चित्र आजही दिसते. गोव्याला मात्र त्याहून जवळचे रूप ठाऊक आहे. सतराव्या शतकात येथील भारतीय कारागिरांनी हस्तिदंतात उत्तम मेंढपाळ कोरला तो बालरूपात. लहानशा डोंगरावर बसलेला मुलगा, डोळे मिटलेले, एक हात गालाशी, खांद्यावर व मांडीवर कोकरे, खाली झऱ्याशी आलेली मेंढरे. अशा काही मूर्ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्या कोरणाऱ्या हातांना बाळकृष्ण अगदीच अपरिचित असेल, असे त्या पाहताना म्हणवत नाही.