पावसाचे वाहन

(तलवाडा, ता. गेवराई येथील कार्यकर्ता-शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाला वाहन देण्याची मोठी रसिक सोय आपल्या पंचांगकर्त्यांनी करून ठेवली आहे. सूर्याने नव्या नक्षत्रात प्रवेश केला, की त्याच्या नक्षत्रापासून त्या दिवशीच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, आलेल्या संख्येला नऊने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून वाहन ठरवायचे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला तर पाऊस भरपूर. कोल्हा किंवा मेंढा निघाला तर शेतकऱ्याने मनाची तयारी करावी. या गणितात ढग नाही, वारा नाही, समुद्र तर नाहीच नाही. भागाकार मात्र बिनचूक असतो. आणि सरकारी आकडेवारीबद्दलही अनेकदा एवढेच म्हणता येते.

तलवाड्यात त्वरितादेवीचे ठाणे आहे. त्वरिता म्हणजे सत्वर धावून येणारी. तिच्या पायाशी वसलेल्या या गावाने पावसाची वाट किती वर्षे आणि किती आठवडे पाहिली, याचा हिशेब देवीने ठेवला असेल तर तो महसूल खात्याच्या हिशेबापेक्षा अधिक खरा निघेल.

या भागातील शेतकरी दैववादी आहे, वाहनावर विसंबून पेरतो, असा शहरातील सुशिक्षितांचा एक लाडका समज आहे. वस्तुस्थिती तशी दिसत नाही. शेतकरी वाहन ऐकतो, मोबाइलवरील अंदाज पाहतो, बियाण्यांच्या दुकानदाराचे मत विचारतो आणि अखेर बांधावर जाऊन ओल किती खोल गेली हे बोटांनी चाचपून पाहतो. तेवढ्यानेही न भागल्यास कपाशीत तुरीचे तास घालतो, म्हणजे एक बुडाले तर दुसरे हाती लागावे. भांडवलदाराने हेच केले असते तर त्याला जोखमीचे व्यवस्थापन म्हटले गेले असते. धोंडी काढणे किंवा महादेवाची पिंड पाण्यात कोंडणे हे उपाय आठवतात ते पेरणी करून चार आठवडे उलटल्यावर, बियाणे मातीत आणि पैसे सावकाराकडून आणलेले असताना. ज्याच्या हाती दुसरे काहीच उरलेले नाही, त्याने देवाला कोंडले तर त्याला हसण्याचा अधिकार कुणाला पोचतो, हा प्रश्नच आहे.

शेजारच्या माजलगाव तालुक्यात २०१७ च्या जुलैत जे घडले ते या दृष्टीने फार उद्बोधक आहे. आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात जाऊन थेट हवामान खात्याविरुद्ध फसवणुकीची तक्रार दिली. खात्याने चांगल्या पावसाचे भाकीत केले, त्यावर भरवसा ठेवून पेरण्या झाल्या आणि पाऊस दडी मारून बसला. बियाणे व कीटकनाशकांच्या कंपन्यांशी खात्याचे संगनमत असावे, असा तक्रारदारांचा संशय होता. वृत्तपत्रांनी ही बातमी गमतीची म्हणून छापली. संगनमताचा आरोप निराधारच होता. परंतु या तक्रारीत एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही. पंचांगातील कोल्हा चुकला म्हणून बीड जिल्ह्यातील कोणीही शेतकरी आजवर पोलीस ठाण्याची पायरी चढल्याचे ऐकिवात नाही. कोल्ह्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती. हवामान खात्याकडून होती. ज्याला जाब विचारता येतो अशा शास्त्रावर शेतकऱ्याने विश्वास टाकला होता, आणि म्हणूनच तो रागावला. विज्ञाननिष्ठेचा प्रसार कितपत झाला हे मोजायचे असेल तर शिबिरांतील टाळ्यांपेक्षा ही तक्रार अधिक भरवशाची खूण आहे.

खात्याची बाजूही मांडली पाहिजे. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले, ते कलकत्त्याच्या वादळानंतर आणि लागोपाठच्या दुष्काळांनंतर. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून पावसाचा अंदाज बांधण्यास आरंभ केला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी पॅसिफिकवरील हवेच्या दाबाशी आपल्या पावसाचे नाते शोधले. १९८८ मध्ये वसंत गोवारीकरांचे सोळा घटकांचे प्रारूप आले. २००२ साली त्याच्या आधारे सरासरीच्या १०१ टक्के पाऊस होईल असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात ८१ टक्के झाला. यावर खात्याने काय केले? प्रारूप बदलले. २०२० मध्ये तर मोसमी पावसाच्या आगमन-परतीच्या तारखाच नव्याने ठरवल्या. मुंबईतून पाऊस परतण्याचा सरासरी दिवस २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेला. चूक झाली की आपले कॅलेंडर बदलणे, हा शास्त्राचा स्वभाव आहे. पंचांगाला तशी गरज भासत नाही, कारण ते चुकतच नाही. चुकतो तो पाऊस.

आता मूळ मुद्द्याकडे. पावसाची चाल बदलली आहे, याबद्दल शंका घेण्याजोगे काही उरलेले नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच काळात एकूण पाऊस मात्र घटला. म्हणजे घागर भरत नाही, पण फुटते. कारण गूढ नाही. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते; ती अधिक काळ धरून ठेवते आणि एकदाच ओतते. कोळसा जाळल्याने पृथ्वी तापेल हे गणित स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच मांडले होते. त्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि इथे कोळसा जाळण्याइतकी कुणाची ऐपत नव्हती.

तलवाड्याजवळ याचा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने उभा रब्बी झोपवला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजीच केरळात आणि २६ मेला मुंबईत दाखल झाला. मृगाचे वाहन ठरण्यापूर्वीच स्वारी पायी चालत आली म्हणायची. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बीड जिल्ह्यात नद्या पात्र सोडून निघाल्या. आष्टी तालुक्यात माणसांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले, जायकवाडीचे दरवाजे उघडले गेले आणि गेवराईच्या गोदाकाठच्या गावांतून लोकांना हलवावे लागले. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी साडेसहाशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तेथे माती वाहून जाण्याइतके पाणी आले.

एवढे झाल्यावर मंत्री दौऱ्यावर येतात. चिखलात उभे राहून, चेहरा गंभीर करून ते सांगतात की हा हवामान बदलाचा परिणाम आहे, जागतिक संकट आहे, त्यापुढे कुणाचे काय चालणार? वाक्य शास्त्रशुद्ध आहे. अडचण त्याच्या उपयोगाची आहे. पूर्वीच्या काळी हाच मजकूर ‘दैवाची अवकृपा’ या शब्दांत सांगितला जात असे. अस्मानी आणि सुलतानी अशी दोन संकटे आपल्या पूर्वजांनी वेगळी ओळखली होती. सुलतानाचा प्रयत्न नेहमीच आपली करणी अस्मानाच्या खात्यावर मांडण्याचा राहिला. हवामान बदल हा शब्द त्याच्या हाती लागला आणि अस्मानाला विज्ञानाचे प्रशस्तिपत्र मिळाले. आता प्रारब्धावर श्रद्धा नसलेला माणूसही हात जोडून गप्प बसतो. राक्षसभुवनच्या शनीची साडेसाती बरी म्हणायची, तिला साडेसात वर्षांची मुदत तरी असते.

अस्मानीपुढे कुणाचे काही चालत नाही, हे या राज्यानेच एकदा खोटे ठरवले आहे. १९७२ चा दुष्काळ हवामान बदलापूर्वीचा, पण यापुढचे अनेक दुष्काळ त्याच्यापुढे मवाळ ठरावेत इतका भीषण होता. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडत, पाझर तलाव आणि रस्ते करीत होती. धान्य कमी होते, तरी मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत, कारण हाताला काम आणि कामाला मजुरी मिळाली. भूक ही धान्याच्या अभावापेक्षा ते मिळवण्याच्या हक्काच्या अभावातून येते, असे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये सिद्धान्तरूपाने लिहिले. खडी फोडणाऱ्या बाईला ते आधीच ठाऊक होते. त्या कामांतून, वि. स. पागे यांच्या योजनेतून आणि मागेल त्याला काम म्हणत तहसिलीवर गेलेल्या मोर्च्यांतून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातील नोकरदाराने व्यवसायकर भरावा आणि त्यातून कोरडवाहू भागातील मजुराला काम मिळावे, ही त्यातील तरतूद आजही विचार करण्याजोगी आहे. पाऊस तेव्हाही कुणाच्या हातात नव्हता.

पाण्याचेही तेच. जायकवाडीच्या वर नाशिक-नगरमध्ये धरणे बांधली गेली. कोरड्या वर्षी तिथे पाणी अडते आणि खालच्यांनी न्यायालयात जायचे. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये ६५ टक्क्यांचा मापदंड घालून दिला: ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत उपयुक्त साठा त्याहून कमी असेल तर वरून पाणी सोडावे. तेवढे मिळवायलाही उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल लागला. ओल्या वर्षी मात्र वरचे पाणी खाली यायला कोणत्याही समितीची आवश्यकता भासत नाही. आणि जे खाली पोचते त्यातील किती ऊस पितो, हे विचारले की सर्वपक्षीय शांतता पसरते. तो ऊस तोडायला परजिल्ह्यात कोयते घेऊन जाणारी माणसे याच बीडची.

हवामान बदलावर खरीखुरी श्रद्धा कुणाची आहे, हे पाहायचे तर विमा कंपन्यांकडे पाहावे. २०२० च्या खरिपात बीड जिल्ह्यासाठी एकही कंपनी पुढे आली नाही. पर्यावरणावरील परिसंवादांत भाषणे करणाऱ्या कोणाहीपेक्षा त्यांनी शास्त्रज्ञांचे म्हणणे अधिक गांभीर्याने घेतले होते. अखेर सरकारी कृषी विमा कंपनीला घेऊन ‘बीड पॅटर्न’ जन्माला आला: हप्त्याच्या ११० टक्क्यांपलीकडची भरपाई राज्याने सोसायची, ८० टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीने २० टक्के ठेवून बाकी राज्याला परत करायचे. जोखीम शेतकऱ्याची, तिचे वरचे टोक सरकारचे आणि मधला सुरक्षित पट्टा कंपनीचा. पुढे २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला, गैरप्रकार झाले म्हणून २०२५ च्या खरिपापूर्वी तो गेला. आणि जाताना स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचे नुकसान या भरपाईच्या बाबीही घेऊन गेला. उरला तो पीककापणीचा प्रयोग. लगेच सप्टेंबर आला. हवामान बदलतो आहे असे सांगणाऱ्या सरकारने बदललेल्या हवामानासाठीच असलेली कलमे नेमकी त्या वर्षी काढून टाकावीत, याला योगायोग म्हणावे की काय, हे ज्याने त्याने ठरवावे.

७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे मदतपॅकेज जाहीर केले. रक्कम मोठी आहे, तिच्यातील नवे किती आणि जुनेच नव्या पिशवीत किती याचा वाद वेगळा. दुसरा एक आकडा तिच्याशेजारी ठेवण्याजोगा आहे. गरीब देशांच्या हानीची भरपाई करण्यासाठी निधी उभारण्याचे २०२२ मध्ये शर्म अल शेखच्या परिषदेत ठरले. पुढील वर्षी दुबईत श्रीमंत राष्ट्रांनी त्यासाठी सुमारे सत्तर कोटी डॉलर कबूल केले. त्या वेळच्या दराने सहा हजार कोटी रुपयांच्याही आत. एका राज्याच्या एका हंगामातील पॅकेजच्या पाचव्या हिश्शालाही न पुरणारी ही जागतिक दानत. अमेरिकन माणूस वर्षाला सुमारे १४ टन कार्बन वायू हवेत सोडतो, भारतीय सरासरीने दोन टन. त्या दोनात तलवाड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा आणि मुंबईतील वातानुकूलित मनोऱ्याचा वाटा सारखा नाही, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

कार्यकर्त्यांनी दुबईला जाण्याचे कारण नाही. हाताशी असलेले एक काम पुरेसे आहे. चोवीस तासांत एखाद्या महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. मदतीचे सारे गाडे त्या आकड्यावर फिरते. तलवाडा हे असेच एक मंडळ आहे. त्यात गावे अनेक, पर्जन्यमापक एक. ढग एका शिवारात फुटतो आणि मापक दुसऱ्या शिवारात कोरडा उभा असतो, हा अनुभव कुणालाही नवा नाही. हे यंत्र कुठे बसवले आहे, त्याच्यावर झाडाची किंवा भिंतीची सावली पडते काय, ते बंद असताना कोणता आकडा लिहिला जातो आणि तो कोण लिहितो, ही माहिती किती गावांच्या चावडीवर लावलेली आहे? रोजची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावी, मंडळातील प्रत्येक गावात मापक बसवावा आणि काढून टाकलेली विम्याची कलमे परत आणावीत, एवढ्या तीन मागण्या घेऊन पुढच्या ग्रामसभेत उभे राहता येईल. ठराव लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.