आजींचा हट्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी पेशाने परिचारिका. भाषणाचा सराव नाही; तेव्हा अनुभवाचेच बोलते.

आमच्या रुग्णालयात संगणक आले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. डॉक्टरांचे अक्षर लावण्यात आमचा फार वेळ जाई. आता औषधाचे नाव व प्रमाण पडद्यावर स्वच्छ दिसू लागले. परंतु एके रात्री एका वृद्ध बाईंना मी गोळी देऊ लागले, तो त्या म्हणाल्या, "सिस्टर, ही गोळी माझी नव्हे." मी म्हटले, "आजी, संगणकात हीच आहे." त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतले. रागारागाने मी पुन्हा पाहिले, तर पडद्यावर शेजारच्या खाटेवरील बाईंची यादी उघडी राहिलेली! आजी हट्टाला पेटल्या म्हणून वाचल्या, आणि मीही वाचले.

असे मोठमोठ्या ठिकाणीही घडले आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१३ साली एका सोळा वर्षांच्या मुलास एक गोळी द्यावयाची होती. डॉक्टरांनी १६० मिलिग्रॅम या अर्थाने आकडा घातला. संगणकाने तो वजनाच्या दर किलोमागे धरला. झाल्या साडेअडतीस गोळ्या! संगणकाने इशारा दिला होता. पण असे इशारे उठल्यासुटल्या येत असल्यामुळे तो कोणी मनावर घेतला नाही. परिचारिकेला शंका आली. परंतु पाकिटावरील खूण यंत्राने बरोबर ठरविली, आणि तिने गोळ्या दिल्या. मुलाला झटके आले. सुदैवाने तो बरा झाला. त्याच संस्थेतील डॉ. रॉबर्ट वॉक्टर यांनी २०१५ साली आपल्या पुस्तकात ही हकीकत मोकळेपणाने सांगितली आहे.

पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात २००२ साली अशीच नवी पद्धत अवघ्या सहा दिवसांत सुरू केली. पूर्वी अत्यवस्थ मूल वाटेत असतानाच त्याच्या औषधांची तयारी होई. आता ते दाखल होऊन नोंद होईपर्यंत औषध लिहिताच येईना. बाहेरून आणलेल्या मुलांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा २.८० वरून ६.५७ वर गेल्याचे तेथील डॉक्टरांनीच २००५ साली प्रसिद्ध केले. पुढे सिएटलच्या बालरुग्णालयाने हा धडा घेऊन, पूर्वतयारी करून तीच पद्धत आणली. तेथे अतिदक्षता विभागातील मृत्यू वाढले नाहीत.

तेव्हा संगणक नको, असे मी म्हणत नाही. तो आणताना तेथे राबणाऱ्या माणसांना आधी विचारावे, आणि आल्यावरही माणसाने विचारणे सोडू नये, एवढेच माझे म्हणणे.

भगिनींनो, घरचे माणूस रुग्णालयात असेल तेव्हा चालू औषधांची चिठ्ठी जवळ ठेवा. गोळी हाती येताच विचारा, ही कोणती आणि कशासाठी? सिस्टर रागावली तर रागावू द्या. मीही आजींवर रागावले होते. त्यांचे उपकार मी अजून विसरलेले नाही.