यंत्रापुढे बसताना
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली व ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा विषय नेमून दिला. या विषयातील आमचा अधिकार एवढाच की, त्या यंत्रापुढे बसून आम्ही पुष्कळ वेळा ओशाळलो आहोत. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात १९५६ च्या उन्हाळ्यात काही शास्त्रज्ञ जमले होते. त्या बैठकीपासून या शास्त्राचा आरंभ मानतात. आमचा जन्मही त्याच सालचा. एकाच वयाच्या दोघांपैकी एकाने एवढी मजल मारावी आणि दुसऱ्यास परवलीचा शब्दही लक्षात राहू नये, हा दैवाचा खेळ!

असो. संस्थेच्या जुन्या इतिवृत्तांची सूची करण्याचे काम गेल्या वर्षी आम्ही अंगावर घेतले होते. नातवाने वह्यांची छायाचित्रे यंत्रात घालून दिली. ‘या वह्यांची सूची कृपया तयार करावी, ही विनंती,’ असे आम्ही लिहिले, नातू हसला. सूची तत्काळ आली. ती सुबक होती, आणि आमच्या यत्किंचितही उपयोगाची नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पंचविशीतील मुले ज्या यंत्राकडून लीलया कामे करवून घेतात, ते आमच्यापुढे मात्र मठ्ठ होते. अर्थात मठ्ठपणा कोणाचा, याविषयी आमच्या मनात शंका नव्हती. आपली फजिती कोणास दिसू नये म्हणून घरातील मंडळी निजल्यावर आम्ही पुन्हा त्यापुढे बसत असू.

कोरियाचा ली सेडॉल हा ‘गो’ या खेळातील जगज्जेता. मार्च २०१६ मध्ये यंत्राने त्यास पाचपैकी चार डाव हरविले, आणि २०१९ साली त्याने खेळातून निवृत्ती पत्करली. त्याची हकीगत वाचून आम्हांस थोडे बरे वाटले. पण तो निदान झुंज देऊन हरला होता. आम्हांस तर खेळ कोणता आहे हेच उमगले नव्हते.

अखेर नातवाने विचारले, “आजोबा, तुम्हांला नक्की काय हवंय, ते मला तरी सांगा.” आम्हांस सांगता येईना. आमचा सारा जन्म कचेरीत गेला. वरून आलेले काम आम्ही चोख केले, परंतु काम कसे सांगावे हे कधी शिकलोच नव्हतो. त्या संध्याकाळी कागद घेऊन बसलो. प्रत्येक देणगीदाराचे नाव, साल, रक्कम, वहीचे पान. आणि अक्षर लागत नसेल तेथे तसे स्पष्ट नमूद करावे. एवढे लिहावयास दोन तास लागले. बालबोध वह्यांचे जे काम आम्ही तीन महिन्यांचे धरले होते, ते त्यानंतर चार दिवसांत उरकले, तेही ताडून पाहण्यासह.

मग एका मोडी पानाची पाळी आली. यंत्राने क्षणार्धात अस्खलित मजकूर दिला: सभेची तारीख, ठराव, सूचक, अनुमोदक. मूळ पानावर सभा नव्हतीच. वसतिगृहासाठी घेतलेल्या तांदळाचा व तुरीच्या डाळीचा हिशेब होता. हे यंत्र मुळात, एका शब्दखंडामागून कोणता शब्दखंड येणे संभवते, याचा अंदाज अफाट मजकुरावरून शिकलेले असते. म्हणून जेथे वाचता येत नाही तेथेही त्याची लेखणी अडत नाही. त्यातून मोडीत शब्दांमध्ये जागा सोडीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहीत. अक्षर लागत नसेल तर सांगावे, ही आमची सूचनाही येथे व्यर्थ गेली.

आम्हांस आनंद झाला हे कबूल करतो, आणि तो फारसा उदात्त नव्हता. लहानपणी आजोबांपाशी बसून गिरविलेली मोडी कामी आली होती! परंतु तो आनंद टिकला नाही. कार्यकारी मंडळात मोडी वाचणारे आमच्यावाचून कोणी नाही. आम्ही नसतो, तर तो न झालेला ठराव याच स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हणून छापला गेला असता, आणि आपण तो अभिमानाने वाचला असता.

आपल्या घरी ट्रंकेत, माळ्यावर मोडी कागद असतील, तर ते फेकू नका. दर रविवारी दुपारी चार वाजता आम्ही संस्थेच्या कार्यालयात असतो. कागद घेऊन या. सोबत एखाददुसरा मुलगा वा मुलगी आणा. त्यांस आम्ही मोडी शिकवू. त्यांनी आम्हांस ते यंत्र शिकवावे. आमचे अजून पुष्कळ अडते.